बदललेल्या शब्दांचे खोटे साक्षीदार

"या मॉडमध्ये तुम्हाला अमर्याद नाणी मिळतात, सगळ्या लेव्हल खुल्या आहेत, जाहिराती दिसत नाहीत आणि फाइल शंभर टक्के सुरक्षित आहे." मोबाइल गेमची फोडून बदललेली आवृत्ती, म्हणजेच मॉड, फुकट देणाऱ्या साइटवर साधारण असा मजकूर असतो. आता हाच मजकूर दुसऱ्या साइटवर पाहा: "या सुधारित आवृत्तीत आपणांस अगणित मुद्रा लाभतात, सर्व स्तर उपलब्ध आहेत, विज्ञापनांचा त्रास नाही आणि संचिका पूर्णतः निर्धोक आहे." जवळजवळ प्रत्येक शब्द बदलला आहे, माहिती मात्र तसूभरही पुढे सरकलेली नाही. मजकुरात चार दावे आहेत आणि दुसऱ्यांदा लिहिणाऱ्याने त्यातला एकही तपासलेला नाही. तपासायला त्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्याला सांगितले होते, मजकूर 'युनिक' करून दे.

हे काम कुणी मजुरीवर करतो, कुणी स्वतःच्या साइटसाठी, आणि आता तर यंत्राकडून ते क्षणात करून घेता येते. विषय मोबाइलवरच्या खेळाचा, त्यामुळे कुणी त्याकडे गांभीर्याने पाहत नाही. चोरी म्हणावी तर एकही ओळ जुळत नाही. खोटेपणा म्हणावा तर लिहिणाऱ्याने स्वतःचे असे काही म्हटलेलेच नाही. माझे म्हणणे असे की नेमके इथेच पाणी मुरते. न तपासलेला दावा वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहिणे म्हणजे त्या दाव्याच्या बाजूने एक खोटा साक्षीदार उभा करणे. आणि अनोळखी फाइल आपल्या फोनमध्ये टाकायची की नाही, हे जिथे माणूस त्या मजकुरावर विसंबून ठरवतो, तिथे "मी फक्त शब्द बदलले" असे म्हणून कुणाला अंग काढून घेता येणार नाही.

शब्द बदलायचे कशासाठी, हे आधी पाहू. शोधयंत्राला एकच मजकूर दहा ठिकाणी सापडला तर ते त्यातले एखादे पान दाखवते आणि बाकीची मागे टाकते. दोन मजकूर सारखे आहेत हे यंत्राने ओळखावे कसे, याची एक सोपी रीत आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये मांडली. अल्टाव्हिस्टा हे त्या काळचे गाजलेले शोधयंत्र ज्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे होते, तिथेच ते काम करत होते. रीत अशी: मजकुरातल्या सलग शब्दांचे, समजा चार-चार शब्दांचे, तुकडे पाडायचे. पहिला तुकडा पहिल्या शब्दापासून, दुसरा दुसऱ्या शब्दापासून, असे शेवटपर्यंत. मग दोन मजकुरांत किती तुकडे सामाईक निघतात ते मोजायचे. बरेच निघाले तर एक मजकूर दुसऱ्याची नक्कल आहे असे समजायचे.

आता दर चौथा शब्द बदला. चार शब्दांचा कुठलाही तुकडा घ्या, त्यात एक बदललेला शब्द येतोच. सामाईक तुकडा एकही उरत नाही. शोधयंत्रे पुढे याहून कितीतरी हुशार झाली, पण शब्द बदलण्याचा धंदा उभा राहिला तो या फटीवर. म्हणजे 'नाणी'च्या जागी 'मुद्रा' येते ती वाचणाऱ्याला अधिक कळावे म्हणून येत नाही, मोजणाऱ्या यंत्राला कमी कळावे म्हणून येते. लेखन माणसासाठी करायचे, हा त्याचा पहिला करारच इथे मोडतो. वाचणारा नंतर तिथे येतो आणि दुसऱ्याच कुणाला चकवण्यासाठी लिहिलेला मजकूर आपल्यासाठीच आहे असे समजून वाचतो.

या धंद्याची हत्यारेही जुनी आहेत. महिरपी कंसात एका शब्दाचे तीन-चार पर्याय लिहायचे, मध्ये उभी रेघ मारायची, आणि असे कंस पेरलेले एक साचावाक्य तयार करायचे. सॉफ्टवेअर प्रत्येक कंसातून एकेक पर्याय उचलून वाक्य जुळवत जाते. एका वाक्यात पाच कंस आणि प्रत्येकात चार पर्याय असले तर १,०२४ वेगवेगळी वाक्ये निघतात. याला स्पिनिंग म्हणतात. १,०२४ वाक्ये, आणि माहिती एकाच वाक्याची, तीही कुणी न तपासलेली.

शोधयंत्रांनाही हे ठाऊक आहे. निकृष्ट, घाऊक मजकुराला आळा घालण्यासाठी गूगलने २०११ च्या फेब्रुवारीत 'पांडा' नावाचा मोठा बदल केला. मार्च २०२४ मध्ये स्पॅमविषयीची नवी धोरणे जाहीर केली. त्यातल्या घाऊक मजकुराच्या नियमात, दुसरीकडून उचललेला मजकूर समानार्थी शब्द घालून, भाषांतर करून किंवा अन्य रीतीने झाकून पुष्कळ पाने तयार करणे हा गैरवापर असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. नियम योग्य आहे. पण तो केलेला आहे शोधाचे निकाल स्वच्छ राहावेत म्हणून. पान यादीतून खाली गेले की त्या नियमापुरता प्रश्न मिटतो. मला काळजी आहे ती ज्याने ते पान वाचून फाइल उतरवून घेतली त्याची.

त्या फाइलकडेही नीट पाहायला हवे, कारण तिच्यात आणि तिच्याविषयीच्या मजकुरात एकच गोष्ट घडलेली असते.

अँड्रॉइडचे ॲप एपीके नावाच्या फाइलमधून येते. आतून ती झिप फाइलच असते: गेमचा कोड, चित्रे, आवाज आणि ॲपला फोनमधले काय काय वापरायचे आहे हे सांगणारे एक घोषणापत्र. गेम बनवणारा ही फाइल स्वतःच्या गुप्त किल्लीने डिजिटल सही करून बाहेर देतो. सही नसलेले ॲप अँड्रॉइड बसवूनच घेत नाही. सही झाल्यावर कुणी आतला कोड बदलला तर ती सही जुळेनाशी होते. म्हणून गेम फोडून नाण्यांचा आकडा बदलणाऱ्याला मूळ सही टाकून द्यावी लागते आणि आपल्या किल्लीने नवी करावी लागते. फोन नवी सही तपासतो आणि ती बरोबर आहे असे म्हणतो, कारण ती खरोखरच बरोबर असते. फक्त ती गेम बनवणाऱ्याची नसते. ती कुणाची, हे कुणालाच माहीत नसते.

याचा एक ठळक पुरावा अशा प्रत्येक पानावर पडलेला असतो. फाइल बसवण्याच्या सूचनांत पहिली पायरी बहुधा अशी असते: "आधी फोनमधला मूळ गेम काढून टाका." ही पायरी का आहे? फोनमध्ये असलेल्या ॲपवर त्याच नावाचे, पण वेगळ्या सहीचे ॲप अँड्रॉइड बसू देत नाही म्हणून. फोन इथे धोक्याची घंटा वाजवतो आहे: हे दुसऱ्या कुणाचे तरी आहे. तो अडथळा दूर करण्याची युक्ती पानावर साधी सूचना म्हणून छापलेली असते. शब्द बदलणारा 'काढून टाका'चे 'हटवा' करतो, पुढचा 'विस्थापित करा' करतो. पायरी तिथे का आहे हे त्यांच्यापैकी एकाने जरी स्वतःला विचारले असते, तरी त्याच मजकुरातले 'शंभर टक्के सुरक्षित' हे शब्द लिहिताना त्याचा हात अडला असता.

मजकुराचेही तसेच. मूळ दावा कुणीतरी केला; त्याने निदान फाइल तरी हाताळली असेल. शब्द बदलताना त्या दाव्यावरची त्याची सही पुसली जाते आणि तिथे दुसरीच बसते, जिच्यामागे कुणी उभे नसते. फाइलच्या बाबतीत फोन निदान एकदा अडखळतो. मजकुराच्या बाबतीत अडखळणारे काहीच नाही.

माणूस एखाद्या दाव्याची खात्री कशी करून घेतो? स्वतः तपासता येत नसेल तर तो चार ठिकाणी विचारतो. चौघांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली तर त्याचा विश्वास बसतो. चौघांनी तंतोतंत तेच शब्द वापरले तर त्याला संशय येतो, यांना कुणीतरी पढवून आणले आहे. न्यायालयातल्या साक्षीपासून घरातल्या भांडणापर्यंत आपण सगळे हीच कसोटी लावतो, आणि ती चांगली कसोटी आहे. शब्दांचे तंतोतंत जुळणे हा आपल्याला मिळालेला धोक्याचा इशारा आहे. समानार्थी शब्द घालण्याच्या उद्योगाने नेमका तोच काढून घेतला आहे. गेमचे नाव आणि पुढे 'सुरक्षित आहे का' असे टाकून शोधणाऱ्या मुलाला दहा पाने दिसतात, दहांची भाषा वेगळी, दहांचे उत्तर 'हो'. त्याने त्याच्या परीने चौकशी केली. त्याला आळशी म्हणता येणार नाही, मूर्ख तर मुळीच नाही. दहा साक्षीदार विचारले, दहाही एकाच तोंडातून बोलत होते, आणि ते त्याला कळू नये अशी व्यवस्था आधीच केलेली होती.

कुणी म्हणेल, गेम तर आहे, बिघडून बिघडणार काय? २०१६ च्या जुलैमध्ये पोकेमॉन गो हा गेम सुरुवातीला मोजक्याच देशांत आला. बाकीच्या देशांतल्या लोकांना धीर नव्हता, म्हणून ते बाहेरून मिळेल ती एपीके शोधू लागले. गेम बाजारात येऊन तीन दिवसही झाले नव्हते, तोवर प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीला त्याची एक बदललेली फाइल सापडली. तिच्यात ड्रॉइडजॅक हे फोनचा दूरवरून ताबा घेऊ देणारे हत्यार घातलेले होते. गेम नेहमीसारखाच सुरू होई. खेळणाऱ्याला काही कळायचे कारणच नव्हते.

दुसरे उदाहरण माझ्या मुद्द्याच्या अधिक जवळचे आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी नेक्रो नावाच्या ट्रोजनविषयी, म्हणजे साध्या ॲपच्या आड लपून फोनमध्ये शिरणाऱ्या घातक प्रोग्रामविषयी, माहिती दिली. तो स्पॉटिफायच्या एका मॉडमध्ये सापडला, व्हॉट्सॲपच्या मॉडमध्ये सापडला, आणि माइनक्राफ्ट, स्टंबल गाइज यांसारख्या गेमच्या मॉडमध्येही सापडला. त्याचा काही भाग चित्राच्या फाइलमध्ये दडवलेला होता. फोनवर न दिसणाऱ्या खिडकीत जाहिराती उघडणे, पैसे लागणाऱ्या सेवांची वर्गणी परस्पर सुरू करणे, अशी कामे तो करू शकत होता. स्पॉटिफायचा तो मॉड ज्या साइटवर होता तिथे तो प्रमाणित आणि सुरक्षित असल्याचे लिहिलेले होते. हेच ते शब्द, जे समानार्थी कोशातून फिरून 'खात्रीशीर', 'निर्धोक', 'विश्वासार्ह', 'धोकामुक्त' होऊन दुसऱ्या पानांवर जातात. प्रत्येक मॉडमध्ये ट्रोजन असतो असे मी म्हणत नाही. कुठल्या मॉडमध्ये तो आहे आणि कुठल्यात नाही, हे मजकुरावरून कळण्याची सोयच राहिलेली नाही, एवढे मी म्हणतो. स्वच्छ फाइलचे वर्णन आणि विषारी फाइलचे वर्णन एकाच साच्यातून निघते.

'अमर्याद नाणी' हा दावा तर थोड्या माहितीनेही तपासता येतो. जो गेम नेटशिवाय चालतो आणि नाण्यांचा हिशेब फोनमध्येच ठेवतो, त्यात तो आकडा बदलणे शक्य असते. ज्या गेममध्ये हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर असतो, त्यात फोनवरची फाइल कितीही बदलली तरी पडद्यावरचा आकडा फार तर बदलेल. खरेदी करायला गेले की सर्व्हर आपल्याच वहीत पाहतो आणि नकार देतो. ऑनलाइन, अनेकांनी मिळून खेळायच्या गेमचा हिशेब बहुतेक वेळा असाच सर्व्हरवर असतो. तरीही अशाच गेमसाठी 'अमर्याद'चे दावे करणारी पाने सर्वांत जास्त दिसतात, कारण शोध सर्वांत जास्त त्यांचाच होतो. त्यातली काही पाने फाइलही देत नाहीत. "तुम्ही माणूस आहात याची खात्री करा" म्हणत प्रश्नावली भरायला लावतात, दुसरेच ॲप उतरवायला लावतात आणि प्रत्येक भरलेल्या प्रश्नावलीमागे कमिशन मिळवतात. नाणी नसतातच. 'बॅन होणार नाही' या दाव्याचेही तेच. खाते बंद करायचे की नाही हे गेमची कंपनी ठरवते, आणि उद्या ती काय ठरवेल याचे आश्वासन तिसराच माणूस देतो, चौथा त्याचे शब्द बदलतो.

भाषेचे काय होते, तेही सांगितले पाहिजे. समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी बसतातच असे नाही, हे मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही कळते. तोंडाला पाणी सुटते, जल सुटत नाही. हात दाखवून अवलक्षण होते, कर दाखवून होत नाही. कोशात शेजारी असलेले शब्द वाक्यात शेजारी येतीलच असे नाही. प्रत्येकाची संगत वेगळी, वजन वेगळे. यांत्रिक अदलाबदलीने काय होते याचा नमुना विज्ञानाच्या जगात दिसला. २०२१ मध्ये गिलोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मगाझिनोव्ह या संशोधकांनी शोधनिबंधांतल्या 'छळलेल्या शब्दप्रयोगां'ची यादी मांडली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट जाणीव. 'बिग डेटा'च्या जागी 'कोलोसल इन्फर्मेशन', म्हणजे महाकाय माहिती. नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी कुणीतरी शब्द बदलून घेतले होते आणि ते निबंध संपादकांच्या हातून छापूनही गेले होते. ज्ञानाच्या क्षेत्रात आणि मॉडच्या पानांवर पद्धत एकच आहे, हेतूही एकच: काही न जाणता नवे काही लिहिल्याचा आभास.

मराठीसारख्या भाषेचे यात अधिक नुकसान होते. इंग्रजीत अशा कचऱ्याभोवती चांगला मजकूरही भरपूर आहे. खरे शोधणाऱ्याला तो सापडतो. मराठीत ॲपची सुरक्षा, परवानग्या, फाइलची सही यांवर स्वच्छ लिहिलेले मुळात थोडे. तिथे इंग्रजीतला स्पिन केलेला मजकूर यंत्राने मराठीत उतरवून ओतला, की या विषयावरचे मराठी म्हणजे तेच, असे होऊन बसते. 'संचिका', 'मुद्रा', 'विस्थापित करा' असे कुणाच्या तोंडी नसलेले शब्द वाचून तांत्रिक मराठी अशीच असते, असा समज नव्या वाचकाचा होतो. यंत्रे भाषा शिकतात तीही याच साठ्यातून. ही मला फार मोठी हानी वाटते, आणि ती भरून काढायला शब्द बदलण्याच्या कामापेक्षा कितीतरी जास्त कष्ट लागतील.

या सगळ्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यातले काही वजनदार आहेत.

पहिला पोटाचा. शब्द बदलून देणारा हा बहुधा साखळीतला सर्वांत गरीब माणूस असतो. त्याला शब्दामागे नाममात्र पैसे मिळतात, मजकूर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने नक्कल दाखवली तर तेही कापले जातात, आणि फाइल बसवून पाहण्याचा वेळ कुणी मोजत नाही. त्याच्यावर सगळा दोष टाकून साइटचा मालक आणि जाहिरातवाले मोकळे सुटत असतील तर ते मलाही मान्य नाही. तरी एक फरक करावाच लागतो. गेमची गोष्ट, तो कसा खेळायचा, त्यातली पात्रे, यांविषयी दुसऱ्याचे वाचून आपल्या शब्दांत लिहिणे आणि 'ही फाइल सुरक्षित आहे' असे लिहिणे ही दोन कामे एका तागडीत घालता येत नाहीत. पहिल्यात चूक झाली तर वाचणाऱ्याचा थोडा वेळ जातो. दुसऱ्यात त्याचे संदेश, त्याचे फोटो, त्याचे बँकेचे ॲप ज्या फोनमध्ये आहे तो फोनच पणाला लागतो. गरजेपोटी काम घेणाऱ्यालाही तेवढे एक वाक्य लिहिण्यास नकार देता येतो, आणि त्याने तो द्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरा आक्षेप असा की माहितीवर कुणाची मालकी नसते. खरे आहे. लेखनाच्या हक्काचे कायदे मांडणीला संरक्षण देतात, वस्तुस्थितीला नाही; ते तसेच असायला हवे, नाहीतर एकाने लिहिलेले ज्ञान दुसऱ्याला सांगताच येणार नाही. म्हणून माझी तक्रार मजकूर चोरल्याची नाहीच. मॉडच्या पानावरचा मूळ मजकूरही अनेकदा असाच कुठून तरी आलेला असतो; त्याच्या मालकाची बाजू घेऊन भांडण्यात मला रस नाही. एखादी गोष्ट स्वतः समजून घेऊन आपल्या भाषेत सांगणाऱ्याने काहीतरी भर घातलेली असते: त्याने चूक गाळली, संदर्भ जोडला, शंका नोंदवली. समानार्थी शब्द घालणाऱ्याच्या कामात समजून घेण्याची पायरीच नसते.

तिसरा आक्षेप मॉड या प्रकाराच्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खेळ बदलून पाहणे ही काही मुळात वाईट गोष्ट नाही. काउंटर-स्ट्राइक हा गाजलेला गेम १९९९ मध्ये हाफ-लाइफ या दुसऱ्या गेमचा मॉड म्हणूनच जन्मला. दोन हौशी तरुणांचे ते काम होते आणि पुढे मूळ कंपनीनेच ते आपले केले. त्या मॉडवर करणाऱ्यांची नावे होती, त्यांच्याशी बोलता येत होते, मूळ गेम विकत घेतलेल्यांसाठी ते होते. शिवाय आजच्या गेममध्ये पैसे काढण्याच्या युक्त्या इतक्या बोकाळल्या आहेत की खेळणाऱ्याने वैतागून पळवाट शोधावी हे समजण्यासारखे आहे. पैसे घेऊन आत काय निघेल ते न सांगता पेटी उघडायला लावणे, या प्रकाराला बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवले. तो राग न्याय्य आहे. पण त्या रागाचे उत्तर म्हणून निनावी सहीची फाइल आणि निनावी हातांनी घोळलेला मजकूर पुढे करणारा खेळणाऱ्याचा मित्र नव्हे. तो त्याच रागावर कमावतो आहे.

आता यात यंत्रे आली आहेत. जुन्या स्पिनिंगची भाषा इतकी बोजड असे की सावध वाचकाला ती ओळखू येई. 'अगणित मुद्रा लाभतात' हे वाचून कुठेतरी खटके. तो खटका हाच काय तो उरलेला इशारा होता. भाषेची नवी यंत्रे तोच न तपासलेला दावा ओघवत्या, गोड, घरच्यासारख्या भाषेत लिहून देतात. हवे तर स्वतः गेम खेळून पाहिल्यासारखा अनुभवही घालून देतात. भाषा सुधारली, दावा होता तिथेच राहिला. म्हणून मजकूर चांगला वाचता येतो का, ही कसोटी आता निकामी झाली आहे. ज्याला फाइल उतरवायचीच आहे त्याने निदान मजकुरात काही नेमके शोधावे: गेमची कुठली आवृत्ती बदलली, कुठल्या तारखेला, कुठल्या फोनवर बसवून पाहिली, ती कुठल्या परवानग्या मागते, काय चालले नाही. 'काय चालले नाही' हे शब्द बदलून तयार करता येत नाही. त्यासाठी कुणीतरी फाइल बसवावी लागते. फाइलचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, दिलेला असेल तर तो जुळवून पाहता येतो. मात्र त्यातून फाइल तीच आहे एवढेच कळते, ती चांगली आहे हे नाही. आणि जे पान फोनचे संरक्षण बंद करायला सांगते, ते तिथेच मिटावे.

सगळा भार वाचणाऱ्यावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. गूगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरून बसवायच्या ॲपसाठीही बनवणाऱ्याची ओळख नोंदवलेली असणे पुढे टप्प्याटप्प्याने गरजेचे होईल. यावर मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी घेतलेल्या हरकतीही विचारात घेण्याजोग्या आहेत. एकाच कंपनीच्या हाती सगळ्या किल्ल्या जाणे बरे नव्हे. तरीही या निर्णयामागचा प्रश्न खरा आहे: या फाइलची जबाबदारी कुणाची? फाइलबाबत तो प्रश्न निदान विचारला जाऊ लागला. मजकुराबाबत तो अजून कुणी विचारलेला नाही.

तो आधी विचारायला हवा जाहिरातींच्या जाळ्यांना, म्हणजे साइटवर जाहिराती लावून मालकाला पैसे देणाऱ्या कंपन्यांना. मॉडची पाने फुकट दिसतात, पण ती चालतात जाहिरातींच्या पैशावर. खरे डाउनलोडचे बटण कुठले आणि जाहिरातीचे कुठले हे कळू नये अशी त्यांची मांडणी मुद्दाम केलेली असते. कुठल्या साइटवर आपली जाहिरात लागली, तिथे किती जणांनी बोट ठेवले आणि त्या महिन्याला कुणाच्या खात्यात किती रक्कम गेली, याची नोंद या जाळ्यांकडे असते. त्या नोंदीशिवाय त्यांचा धंदाच चालत नाही. सुरक्षिततेचा दावा करणाऱ्या पानाने तो कुणी आणि कसा तपासला हे नावानिशी लिहावे, न लिहिल्यास त्या साइटचे पैसे थांबवावेत, एवढी अट ते घालू शकतात. साइटच्या मालकाला जे पटवायला शोधयंत्राच्या नियमांना इतकी वर्षे लागली, ते एका महिन्याची रक्कम अडल्यावर त्याला पटेल. शब्द बदलून देणाऱ्याला मग तोच मालक विचारील, फाइल बसवून पाहिलीस का, आणि त्या वेळेचे पैसेही त्याला द्यावे लागतील.